लाल झारी पेटली की थांबायचं!

हे बघ, लायसन्स मिळालं, गाडी दारात आली, पेढे वाटून झाले. आता जरा माझ्यापाशी बस. सूचना तर तुला सगळ्यांनी दिल्यात, म्हणजे आरशात बघ, हँडब्रेक लाव, रात्रीची एकटी लांब जाऊ नकोस. मी सांगणार आहे ते ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं सांगितलं नसेल आणि शोरूममधल्या गोड बोलणाऱ्या मुलानं तर नाहीच नाही. तुझ्या गाडीत ऑइल पंप नावाचा एक भाग आहे. तो तुला कधी दिसणार नाही, त्याला तू हात लावणार नाहीस, पण त्याची काळजी तुलाच घ्यायची आहे. ती घेतलीस तर खर्च फारसा नाही. नाही घेतलीस तर एक दिवस इंजिन उघडावं लागतं, आणि ते बिल बघून माणूस खुर्ची शोधतो. वर्कशॉपच्या काउंटरवर बसून मी अशी बिलं छापते, म्हणून सांगते.

उद्या सकाळी गाडीत बसलीस की लगेच स्टार्टर मारू नकोस. किल्ली नुसती ‘ऑन’वर आण. बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लचवर पाय न ठेवता बटण दोनदा दाब. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतील. त्यात लांब चोचीची एक लाल झारी दिसेल, चोचीच्या टोकाला तेलाचा थेंब. आता इंजिन सुरू कर. दोन-तीन सेकंदांत ती विझली पाहिजे. ‘ऑन’वर ती लागलीच नाही, तर तेही वाईट. दिवा, वायर नाहीतर स्विच गेलाय, आणि खरी वेळ येईल तेव्हा तुला कळणारच नाही. ही तपासणी रोज कर. फुकट आहे.

या झारीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. लोकांना वाटतं, पेट्रोलच्या दिव्यासारखीच ही सूचना असेल, अजून थोडं चालेल. मुळीच नाही. पेट्रोलचा दिवा आधी सांगतो, ही झारी उशिरा सांगते. रस्त्यावर धावताना गरम इंजिनात तेलाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, सिग्नलला उभी असताना १ बारच्या आसपास. आणि झारीचा स्विच बहुतेक गाड्यांत दाब ०.३ ते ०.५ बारपर्यंत घसरल्यावर दिवा लावतो. म्हणजे लाल दिवा दिसला तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. काही गाड्यांत पिवळी झारीही असते, ती फक्त तेल कमी झालंय एवढंच सांगते. पिवळी दिसली तर पुढच्या पंपावर थांबून बघ. लाल दिसली तर जिथे आहेस तिथे थांब.

आता हा ऑइल पंप करतो काय, ते ऐक. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं. आमच्याकडे त्याला चेंबर म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीत त्यात तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. त्या तेलात एक नळी बुडालेली असते, तिच्या तोंडाला जाळी. पंप त्या नळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि इंजिनाच्या अंगात कोरलेल्या बारीक वाटांनी सगळीकडे पोचवतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडना, वर हेडमध्ये कॅमशाफ्टला, टायमिंग चेनच्या टेन्शनरला, आणि टर्बो असेल तर टर्बोलाही. तिथून तेल आपोआप खाली चेंबरमध्ये गळतं आणि पुन्हा निघतं.

पंपाला स्वतःची मोटर नसते, इंजिनच त्याला फिरवतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच बसवलेला असतो, काहींत चेननं नाहीतर पट्ट्यानं फिरतो. म्हणून इंजिन जोरात तर पंप जोरात, इंजिन बंद तर पंप बंद. वर्कशॉपला आलीस की मी तुला एक जुना पंप उघडून दाखवीन. आत दोन चकत्या असतात, एकीत दुसरी बसवलेली. आतल्या चकतीला बाहेरून दाते, बाहेरच्या चकतीला आतून खाचा, आणि खाचा दात्यांपेक्षा एकनं जास्त. आतली चकती थोडी एका बाजूला सरकवून बसवलेली असते. फिरवलीस की एका बाजूला दात्यांमधली जागा मोठी होत जाते, तिथे तेल शिरतं. दुसऱ्या बाजूला तीच जागा आकसत जाते, तिथून तेल बाहेर रेटलं जातं. बस्स, एवढंच यंत्र. तळहातावर मावतं, आणि सतत तेलात भिजलेलं असल्यामुळे सहसा झिजत नाही.

इतकी धडपड कशासाठी, असं विचारशील. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये फट असते मिलीमीटरच्या काही शतांश भागांइतकी, आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. इंजिन चालू असताना त्या फटीत तेलाचा थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. धातू धातूला शिवत नाही. पंपाचं सगळं काम म्हणजे तो थर अखंड ठेवणं. तेल थांबलं की धातू धातूवर घासतो. बेअरिंगवरचा मऊ धातूचा मुलामा तापून निघून येतो, मग खालून ‘ठक ठक’ आवाज सुरू होतो. त्याला मेस्त्री म्हणतात, बेअरिंग वाजतंय. तरीही चालवत राहिलं तर इंजिन जाम. वरचं हेड पंपापासून सगळ्यांत लांब, म्हणून उपासमार तिथे आधी होते. कॅमशाफ्ट आणि ॲल्युमिनियमचं हेड दोन्ही ओरखडून जातात. या सगळ्याला तास लागत नाही, काही मिनिटं पुरतात.

आता एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे गॅरेजमध्ये तुला कुणी गुंडाळणार नाही. पंप दाब तयार करत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. बागेत पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवलास की पाणी जोरात उडतं आणि अंगठा काढलास की नुसतं गळतं, तसंच हे. नळ तोच, पाणी तेवढंच. इंजिनात तो अंगठा म्हणजे बेअरिंगच्या बारीक फटी. बेअरिंग झिजून फटी रुंद झाल्या की पंप कितीही चांगला असो, दाब टिकत नाही. तेल पातळ झालं तरी तेच. म्हणून दाब कमी दिसला की लगेच ‘पंप गेला’ म्हणणारा मेस्त्री एकतर घाईत आहे, नाहीतर नवा पंप विकायला बसलाय.

उलट बाजूही आहे. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा दाब नको इतका चढू शकतो. त्यासाठी पंपाजवळ स्प्रिंगवर बसवलेला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की तो उघडतो आणि जादा तेल परत मागे सोडतो. तेलातला कचरा अडकून तो उघडाच राहिला, की गाडी गरम असो वा थंड, दाब कायम कमी. नव्या काही गाड्यांत गरजेप्रमाणे कमी-जास्त तेल ढकलणारे पंप असतात. त्यांना स्वच्छ आणि नेमक्या ग्रेडचं तेल तर आणखीच लागतं.

मग दोष असतो कुणाचा? सांगते, काउंटरवर काय काय येतं ते. पहिला मान तेल कमी असण्याचा. गाडी थोडं तेल खाते, थोडं गळतं, आणि मधल्या काळात बॉनेट कुणी उघडलेलं नसतं. तेल कमी असलं की त्याची पहिली खूण वळणावर दिसते. आंबोली नाहीतर ताम्हिणीसारख्या घाटात गाडी वळते, चेंबरमधलं उरलंसुरलं तेल एका बाजूला जातं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. झारी क्षणभर पेटते आणि सरळ रस्त्याला विझते. ‘काही नाही, वायर लूज असेल’ म्हणून लोक पुढे जातात. तू जाऊ नकोस.

दुसरा मान आपल्या स्पीडब्रेकरचा. पाचजण बसलेत, डिकी भरलेली, गावाबाहेरचा तो रंग न दिलेला उंचवटा, आणि खालून ‘धाड’! चेंबर फुटला तर तेल सांडतं, निदान दिसतं तरी. पण नुसता चेपला असेल तर ते जास्त फसवं. चेंबरचा तळ आणि नळीच्या जाळीत बोटभरही अंतर नसतं. तळ वर दबला की जाळीचं तोंड बंद होतं. तेल पुरेसं, पंप धडधाकट, आणि वर काहीच पोचत नाही. खालून आपटलेली गाडी निदान वाकून बघ. थेंब असतील किंवा चेंबरला खोक दिसली, तर ती गाडी रॅम्पवर चढल्याशिवाय पुढे न्यायची नाही.

तिसरा प्रकार स्वतः गॅरेजच करतं. चेंबर काढून परत बसवताना कडेला सिलिकॉनची पेस्ट लावतात. बारीक रेघ पुरते, पण काहींचा हात सैल. जादा पेस्ट आतल्या बाजूला दबून बाहेर येते, सुकते आणि तिचे तुकडे तेलात पडतात. असा एक चेंबर मी उघडलेला पाहिलाय. जाळी अर्धीअधिक राखाडी रबरी चिंध्यांनी भरलेली, उरलेल्या भोकांत काळा गाळ. मालक सांगत होते, नवा पंप टाकूनही दिवा जात नाही. जाणार कसा? पंपाला ओढायला वाटच नव्हती.

हा काळा गाळ येतो जुन्या तेलातून. तेल बदलायला उशीर, रोज दोन-तीन किलोमीटरचाच प्रवास, इंजिन नीट तापायच्या आत बंद. अशा गाडीत पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळतं. तेल पातळ होतं आणि हळूहळू चिकट साका धरतं. तुझं ऑफिस जवळ आहे ना, म्हणून मुद्दाम सांगते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर काढत जा. तेल नीट तापलं की त्यातली वाफ निघून जाते.

आता काम सांगते, तुझ्या हातचं. दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाआधी तर नक्कीच, डिपस्टिक बघ. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. सकाळी सुरू करण्याआधी बघितलंस तर आणखी चांगलं. काडी ओढ, जुन्या सुती कापडानं कोरडी पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर विश्वास ठेवू नकोस, तेल वरपर्यंत उडालेलं असतं. खाली एक खूण, वर एक खूण, तेल त्या दोन्हींच्या मध्ये आणि शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं. तुझे भावजी ‘लेव्हल असेलच’ म्हणतात. ‘असेलच’वर इंजिन चालत नाही.

काडी हातात आहे तोवर तेलही बघून घे. काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, डिझेलचं तर नवं तेलही लवकरच काळं होतं. पण दुधाळ, फेसकट दिसलं तर कुलंट मिसळलंय, गाडी दाखवच. पेट्रोलचा उग्र वास आला तर तेल पातळ होतंय. आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नकोस. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल सोडते. ते काम अर्ध्यावर तुटत राहिलं, म्हणजे सगळी गाडी गावातल्या गावातच चालली, की ते डिझेल तेलात उतरतं.

तेल घालायचंच झालं तर थोडं थोडं घाल, मध्ये मध्ये काडी बघत. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर भरायला साधारण पाऊण ते एक लिटर लागतं. ‘जास्त असलेलं बरं’ हा नियम डब्यातल्या लाडवांना ठीक, इथे नाही. वरच्या खुणेच्या फार वर तेल गेलं की फिरता क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस करतो. पंप तो फेस ओढतो आणि पुन्हा दाब पडतो. कमी तेलानं जे होतं तेच जास्तीनंही होतं.

ग्रेड मॅन्युअलमध्ये छापलेली असते, तीच घे. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असेल तर ०डब्ल्यू-२०. ‘ताई, आपल्या उन्हाळ्यात जाड तेलच चांगलं’ असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हण. बारीक फटींच्या नव्या इंजिनात जाड तेल सकाळी वर पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची झीज सगळ्यांत जास्त त्याच काही सेकंदांत होते. म्हणूनच सुरू केल्या केल्या रेस करायची नाही. झारी विझू दे, मग सावकाश निघ, पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेव. टर्बो असेल तर घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नकोस, मिनिटभर तशीच चालू ठेव. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, आणि इंजिन बंद झालं की पंपही बंद.

तेल बदलायचा हिशेब कंपनीच्या पुस्तकात असतो. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. लोक ‘वर्ष’ विसरतात. गाडी वर्षात चारच हजार चालली तरी तेल बदल. धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या असतील तर त्याच पुस्तकात याहून कमी अंतर दिलेलं असतं, तेही वाच. तेलाबरोबर फिल्टर दरवेळी नवा आणि चांगल्या कंपनीचा. त्याच्या आत एक झडप असते. इंजिन बंद असताना ती वरचं तेल खाली गळू देत नाही, त्यामुळे सकाळी दाब पटकन मिळतो. भुरट्या फिल्टरमध्ये ती नीट नसते, मग रोज सकाळी टॅपेट वाजतात. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकला ना, हे उभी राहून बघ. तुला लाज वाटेल, त्यांना नाही वाटणार. बोल्ट फार आवळला की चेंबरचे आटे जातात, सैल राहिला की तेल गळतं.

सेकंडहँड गाडीचं तुझ्या मैत्रिणीच्या मनात आहे ना, तिलाही सांग. काही इंजिनांत ऑइल पंप फिरवणारा पट्टा तेलातच भिजत चालतो. चुकीच्या किंवा जुन्या तेलानं तो झिजतो आणि त्याचा चुरा जाळीत जाऊन बसतो. डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डनं अमेरिकेत एक लिटर इंजिनाच्या फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून १ लाख ३९ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्यांत पंपाच्या पट्ट्याचा टेन्शनर तुटून तेलाचा दाब जाण्याचा, आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडण्याचा धोका होता. तिकडे विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच तयार झाल्या होत्या. म्हणून गाडी घेण्याआधी विचारायचं, पंप चेनवर आहे की तेलातल्या पट्ट्यावर, आणि पट्टा असेल तर तेल कुठलं वापरलं त्याची बिलं दाखवा.

एवढं करूनही लाल झारी पेटली, तर काय करायचं ते पाठ करून ठेव. इंडिकेटर दे, बाजूला घे, इंजिन लगेच बंद कर. बंद केल्यावर स्टीअरिंग आणि ब्रेक जड होतात, म्हणून गाडी थांबल्यावरच किल्ली फिरव. दहा मिनिटांनी काडी बघ. खालच्या खुणेखाली असेल आणि जवळ तेल असेल तर भर, सुरू कर, दिवा विझला तर हळू जवळच्या गॅरेजला जा. विझला नाही, किंवा तेल बरोबर असूनही पेटलाय, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. टोइंग बोलव. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणेलच, ‘दोनच किलोमीटर आहे गं, ने की तशीच.’ त्या दोन किलोमीटरांची बिलं मी छापलीत. टोइंगचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

गॅरेजात गेलीस की मेस्त्री तुझ्याशी न बोलता शेजारच्या पुरुषाशी बोलेल, मग तो शेजारी नुसता रिक्षाची वाट बघत उभा का असेना. तू शांतपणे सांग, ‘आधी स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा, इंजिन गरम करा, आयडलिंगला आणि अडीच हजार आरपीएमला किती दाब येतो ते दाखवा.’ गेजवर दाब ठीक आला तर नुसता स्विच गेलाय, काहीशे रुपयांचं काम. दाब खरंच कमी असेल तर आधी चेंबर उतरवून जाळी बघायची, मग रिलीफ व्हॉल्व्ह, आणि त्यानंतर पंप. पंप उघडला तर चकत्यांमधली फट फीलर गेजनं मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडून दाखवायला सांग. डोळ्यांनी बघून ‘झिजलाय’ म्हणणं पुरत नाही. नवा पंप बसवताना त्यात आधी तेल भरावं लागतं. कोरडा पंप पहिल्याच फटक्यात नुसती हवा घुसळतो, आणि बेअरिंग तेवढा वेळ कोरडीच फिरतात. आणि जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात कुणी ‘फ्लश मारून देतो’ म्हणालं तर नको म्हण. गाळाच्या खपल्या सुटतात आणि नेमक्या जाळीत जाऊन बसतात. त्यापेक्षा चेंबर उतरवून धुतलेला बरा.

हे एकदा बोलून बघ. मेस्त्रीची मान आपोआप तुझ्याकडे वळते. बाकी सीट कव्हर कुठल्या रंगाची घ्यायची, त्यात मी पडत नाही. ते तुझं तू ठरव.